लहान देश, मोठे उपनगर

१५ जानेवारी २०२६ रोजी मुंबईकरांनी आपल्या महानगरपालिकेसाठी मतदान केले. त्याच्या आठ आठवडे आधी, १८ नोव्हेंबर २०२५ रोजी, उत्तर युरोपातील डेन्मार्क ह्या चिमुकल्या देशातील ९८ नगरपालिकांसाठीही मतदान झाले. ह्या दोन घटनांचा एकमेकींशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध नाही हे खरेच; परंतु दोन्ही निवडणुकांच्या मागील तारखा शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात. डेन्मार्कातील त्याआधीची निवडणूक १६ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. तेव्हा निवडून आलेल्या नगरमंडळांनी १ जानेवारी २०२२ रोजी कारभार हाती घेतला आणि ३१ डिसेंबर २०२५ रोजी तो खाली ठेवला. आपल्याकडे त्याआधीची निवडणूक झाली फेब्रुवारी २०१७ मध्ये. त्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि तेव्हापासून २०२६ चा जानेवारी उजाडेपर्यंत ह्या महानगरास एकही नगरसेवक नव्हता. डेन्मार्कातील एका नगरमंडळाने आपली सबंध कारकीर्द पुरी करावी, नेमक्या तेवढ्याच काळात मुंबईचा गाडा प्रशासक नावाच्या एका अधिकाऱ्याने हाकावा, हा योगायोग आम्हांस लक्षात ठेवण्याजोगा वाटतो.

परदेशाचे गोडवे गाऊन स्वदेशास नावे ठेवण्याची हौस आम्हांस नाही. डेन्मार्कची हकीकत आज सांगावीशी वाटते ती त्याच्या श्रीमंतीपायी नव्हे, तर त्याच्या दारिद्र्यापायी. निसर्गाने ह्या देशास फारसे काही दिलेच नाही. युटलंडचे द्वीपकल्प आणि चारशेहून अधिक बेटे मिळून सगळा मुलूख सुमारे ४३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा सातवा हिस्सा. कोळसा नाही, लोखंड नाही, डोंगर तर नाहीच नाही. तेथील सर्वांत उंच टेकडी समुद्रसपाटीपासून १७१ मीटर भरते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील माथे चारशे मीटरांच्या वर जातात, तेव्हा डेन्मार्कचे अख्खे ‘हिमालय’ आपल्या उपनगरातील टेकड्यांच्या कमरेशीही पोचत नाहीत, असे म्हणण्यास हरकत नाही. लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास. मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीत साडेत्र्याण्णव लाख होती, आणि ती सामावली होती साडेचारशे चौरस किलोमीटरांच्या आत. आपण ज्यास उपनगर म्हणतो ते माणसांच्या हिशेबाने एका देशाच्या दीडपट आहे. वांद्रे, खार व सांताक्रूझ मिळून होणारे महापालिकेचे एच पूर्व व एच पश्चिम हे दोन विभाग घेतले, तरी २०११ साली त्यांत साडेआठ लाखांहून अधिक माणसे राहत होती. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन हिच्या नगरपालिकेच्या हद्दीत आजही तेवढी वस्ती नाही.

आमच्या पिढीस शाळेत भूगोलाच्या तासाला डेन्मार्क एका ओळीत शिकविला जाई: लोणी, अंडी, डुकराचे मांस. परीक्षेत एक गुण मिळविण्यास ती ओळ पुरेशी होती. पण हे लोणी आले कोठून, हे त्या ओळीत कधी सांगितले जात नसे. १८६४ साली प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्याशी झालेल्या युद्धात डेन्मार्कचा पराभव झाला आणि श्लेस्विग व होल्स्टाइन हे प्रांत त्याच्या हातचे गेले. राज्याचा एक-तृतीयांशाहून अधिक मुलूख एका तहाने नाहीसा झाला. पराभूत राष्ट्रे अशा वेळी बहुधा सूडाची स्वप्ने पाहतात. येथे डालगास नावाच्या एका सैन्यातील अभियंत्याने १८६६ साली माळरानांच्या सुधारणेसाठी एक संस्था उभारली, आणि पश्चिम युटलंडच्या वालुकामय, झुडपाळ माळांवर झाडे लावण्याचा व त्यांखालची जमीन लागवडीस आणण्याचा उद्योग तिने कित्येक दशके चालविला. मागोमाग दुसरे संकट आले. अमेरिकेचे आणि रशियाचे स्वस्त धान्य आगगाड्यांनी व आगबोटींनी युरोपच्या बाजारात उतरू लागले आणि डॅनिश शेतकऱ्याच्या गव्हाचा भाव कोसळला. शेजारच्या जर्मनीने जकातीची भिंत उभारून आपला शेतकरी वाचविला. डेन्मार्कने ती वाट न धरता धान्य विकणे सोडले, तेच धान्य गाई-डुकरांस घातले आणि लोणी व मांस इंग्लंडास विकण्यास आरंभ केला.

परंतु चार गाईंचा धनी लोणी घुसळून ते लंडनच्या बाजारात कसे नेणार? १८८२ साली पश्चिम युटलंडमधील येडिंग ह्या खेड्यातील शेतकऱ्यांनी एकत्र येऊन आपली सहकारी दुग्धशाळा काढली. ज्याचे जितके दूध, तितका त्याला नफा. परंतु सभेत मत मात्र प्रत्येकास एकच, मग गोठ्यात गाई दोन असोत की चाळीस असोत. पुढील काही वर्षांत अशा दुग्धशाळा गावोगाव निघाल्या. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. ह्या शेतकऱ्यांची पोरे त्याआधीच ‘लोकविद्यालयां’त जाऊन आलेली होती. ग्रुंटविग नावाच्या धर्मोपदेशकाच्या विचारांतून निघालेले असले पहिले विद्यालय १८४४ मध्ये रोडिंग येथे सुरू झाले. तेथे परीक्षा नसे, पदवी नसे; हिवाळ्यात शेतीची कामे थंडावली की तरुणांनी यावे, इतिहास ऐकावा, वाद घालावा, सभा चालवावी आणि परत जावे. सभेत उठून बोलता येणे, हिशेब मागता येणे आणि बहुमत विरुद्ध गेले तरी संस्था न मोडणे, ह्या तीन गोष्टी ज्यांना येतात त्यांना सहकार शिकवावा लागत नाही.

सहकार आपल्यास नवा नाही. प्रवरानगरास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जे उभारले, ते येडिंगच्या शेतकऱ्यांस परके वाटले नसते. आणि सांताक्रूझच्या ज्या मध्यमवर्गीय वाचकास ऊस व दूध ही दूरची प्रकरणे वाटतात, तोही एका सहकारी संस्थेचा सभासद असतोच. तो राहतो ती सहकारी गृहनिर्माण संस्था. तिच्या वार्षिक सर्वसाधारण सभेस गणसंख्या भरत नाही, सभा अर्धा तास तहकूब होते, मग आहेत तेवढ्यांत चहा-वेफर्सवर सारे ठराव मंजूर होतात, हे आम्ही वाचकांस सांगावयाचे काय?

डेनिश उद्योगाशी ह्या उपनगराचे नातेही जुने आहे. हेनिंग हॉल्क-लार्सन आणि सोरेन क्रिस्तिअन टुब्रो हे दोन डॅनिश अभियंते सिमेंटच्या कारखान्यांच्या यंत्रांसाठी हिंदुस्थानात आले आणि १९३८ साली त्यांनी मुंबईत भागीदारीचा व्यवसाय मांडला. आरंभीचा धंदा डेन्मार्कातून यंत्रे, विशेषतः दुधाच्या धंद्याची यंत्रे, आणून विकण्याचा. १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क व्यापला, मालाचा ओघ आटला, तेव्हा त्यांनी लहानशी कार्यशाळा काढून येथेच वस्तू घडविण्यास प्रारंभ केला. पुढे पवईस जो विस्तीर्ण कारखाना उभा राहिला त्याचे मूळ त्या अडचणीत आहे. आजचा डेन्मार्क अर्थात लोण्यावर जगत नाही. औषधे, जहाजवाहतूक, पवनचक्क्या आणि मुलांची खेळणी यांवर त्याची श्रीमंती उभी आहे. देशातील निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून मिळते, आणि समुद्रात उभारलेल्या पवनचक्क्यांचा जगातील पहिला ताफा १९९१ साली तेथेच सुरू झाला. पण पाया जुनाच आहे.

आता राज्यकारभार. १८४९ च्या राज्यघटनेने तेथील अनियंत्रित राजसत्ता संपली. १९५३ पासून संसदेचे एकच सभागृह आहे, सदस्य १७९, त्यांत ग्रीनलंड व फेरो बेटे यांचे प्रत्येकी दोन. हे सारे ज्ञानकोशात सापडेल. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते त्याखालचे. २००७ साली २७१ नगरपालिकांचे एकत्रीकरण करून ९८ करण्यात आल्या. शाळा, पाळणाघरे, वृद्धांची शुश्रूषा, रस्ते, उद्याने ही सारी कामे ह्या नगरपालिकांकडे आहेत, आणि त्यांसाठी लागणारा पैसा त्या आपल्या रहिवाशांच्या उत्पन्नावर स्वतः कर बसवून उभा करतात. हा कर सरासरी पंचवीस टक्क्यांच्या घरात जातो. करदात्यास आपण किती दिले हे ठाऊक असते, कोणास दिले हे ठाऊक असते, आणि त्यास जाब कधी विचारता येईल ती तारीखही ठाऊक असते: दर चौथ्या वर्षी नोव्हेंबरातील तिसरा मंगळवार. ही तारीख कोणा मंत्र्यास पुढे ढकलता येत नाही, की नगरमंडळ मधेच विसर्जितही करता येत नाही. २०२१ साली महामारीची साथ असताना ती तारीख पाळली गेली. १९४३ साली देश जर्मन फौजांच्या टाचेखाली असतानादेखील डेन्मार्कने मार्चमध्ये संसदेची निवडणूक घेतली, आणि नव्वद टक्क्यांच्या जवळपास मतदार बाहेर पडले.

मुंबईची निवडणूक कशाने अडली होती? कोणी फौज तर चालून आली नव्हती. प्रभागांची संख्या २२७ वरून २३६ करण्यात आली. सरकार बदलले, ती पुन्हा २२७ करण्यात आली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात राहिला. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आज्ञा दिली तेव्हा चक्रे हलू लागली, आणि तरीही जानेवारी उजाडावा लागला. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, असे १९९३ पासून आपल्या घटनेतच लिहिलेले आहे. आरक्षणाचा प्रश्न क्षुल्लक आहे असे आम्ही म्हणत नाही. तो न्यायाचा प्रश्न आहे. परंतु एका न्याय्य प्रश्नाच्या आडोशाने सर्वच पक्षांना निवडणुकीवाचूनचा कारभार सोयीचा वाटावा, आणि सव्वा कोटी माणसांच्या शहरात त्याविरुद्ध एकही मोठा मोर्चा निघू नये, ह्याचे मात्र आम्हांस नवल वाटते.

नगरसेवक असून काय मोठे दिवे लागत होते, असे काही सुशिक्षित वाचक म्हणतील. गेल्या चार वर्षांत आम्ही ते शब्द पुष्कळांच्या तोंडून ऐकले आहेत. त्यांना उत्तर द्यावयाचे तर पावसाकडे वळले पाहिजे.

सांताक्रूझच्या वेधशाळेने ह्या उपनगराचे नाव जगाच्या हवामानशास्त्रात कायमचे कोरून ठेवले आहे. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत येथे ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्यास त्याच दिवशी पाऊणशे मिलिमीटरही झाला नाही. डेन्मार्कात सबंध वर्षात सरासरी साडेसातशेच्या आसपास पडतो, म्हणजे एका देशाच्या वर्षभराहून अधिक पाऊस एका दिवसात सांताक्रूझवर कोसळला. मुंबईत चारशेहून अधिक माणसे दगावली. कलिना, वाकोला, मिठीच्या काठच्या वस्त्या, मिलन सबवे यांची त्या रात्रीची अवस्था ज्यांनी पाहिली त्यांच्यासमोर वर्णन करणे अनुचित होईल.

कोपनहेगनवर तशी, अर्थात तिच्या मानाने, वेळ २ जुलै २०११ रोजी आली. दोन-तीन तासांत सव्वाशे ते दीडशे मिलिमीटर पाऊस झाला. तळघरे, रस्ते, रुग्णालये पाण्याखाली गेली आणि नुकसानीचा आकडा सहा अब्ज क्रोनरांच्या घरात गेला. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, तेथील नगरमंडळाने ढगफुटीची योजना तयार केली. वीस वर्षांचा काळ, सुमारे तीनशे कामे. काही रस्ते असे खोदावयाचे की प्रसंगी त्यांचेच कालवे व्हावेत; काही उद्याने अशी खोलगट करावयाची की त्यांत पाणी साठून पुढे सावकाश निघून जावे. एंगहेव नावाचे जुने उद्यान अशाच रीतीने नव्याने बांधून २०१९ मध्ये खुले झाले. एरवी मुले तेथे खेळतात, ढग फुटला तर त्यात दोन कोटी लिटरांहून अधिक पाणी मावते. खर्चाचा मोठा भाग लोकांच्या पाणीपट्टीतून. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मोजमाप अगोदर ठरले: शंभर वर्षांतून एकदा यावा असा पाऊस आला तरी रस्त्यावर दहा सेंटिमीटरांपेक्षा जास्त पाणी साचता कामा नये. सारी कामे पुरी झालेली नाहीत, लोक खोदकामाबद्दल आणि गाड्या लावण्याच्या गेलेल्या जागांबद्दल कुरकुरतात. पण कोणी काय कबूल केले आहे हे सर्वांना ठाऊक आहे.

आपल्याकडे काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८५ च्या पुरानंतर मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांचा अभ्यास झाला आणि १९९३ साली ‘ब्रिमस्टोवाड’ ह्या नावाने ओळखला जाणारा अहवाल सादर झाला. तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेणाऱ्या जुन्या वाहिन्यांची शक्ती ५० पर्यंत वाढवावी, असे त्याने सांगितले. मग तो अहवाल बारा वर्षे कपाटात विसावला. २००५ च्या प्रलयानंतर तो बाहेर आला, माधवराव चितळे यांच्या समितीने आपला अहवाल दिला, मिठी नदीसाठी प्राधिकरण स्थापन झाले. इर्ल्यास व गजदरबंदला उदंचन केंद्रे उभी राहिली, मिलन सबवेवरून २०१३ मध्ये उड्डाणपूल गेला. आपले अभियंते डेन्मार्कच्या अभियंत्यांहून रतिभरही उणे नाहीत. परंतु मोगरा व माहुल येथील केंद्रे प्रलयास वीस वर्षे पुरी झाली, २०२५ साल उजाडले, तरी उभी झालेली नव्हती. आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात मिठीचा गाळ काढण्याच्या व्यवहारात पासष्ट कोटींच्या अपहाराचा गुन्हा पोलिसांनी नोंदविला. आरोप सिद्ध व्हावयाचे आहेत. तोपर्यंत आम्ही कोणासही चोर म्हणणार नाही. पण गाळाचे वजन किती, तो टाकला कोठे, हा प्रश्न सभागृहात उभे राहून विचारण्याचा अधिकार असलेला एकही माणूस अखेरची चार वर्षे ह्या शहरात नव्हता, एवढे म्हणण्यास न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

वाकोल्याच्या ज्या गृहस्थाच्या घरात पाणी शिरते त्याने जावे तरी कोणाकडे? नाला महापालिकेचा. नाला ज्या मिठीस मिळतो तिचा काही भाग बराच काळ महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. नदी विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते, तो विमानतळवाल्यांचा. रुळांखालची मोरी रेल्वेची. काठची झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या कागदांत. जमिनीचा मूळ दप्तरी हिशेब वांद्र्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. आणि ज्यांच्या हाती महापालिकेची खरी सत्ता, ते आयुक्त १८८८ च्या कायद्यान्वये राज्य सरकारने नेमलेले. कोपनहेगनच्या नगरमंडळात ५५ सभासद आहेत आणि कारभार सात महापौरांत वाटलेला आहे. सातही निवडून आलेले. २०२५ च्या नोव्हेंबरात तेथील मतदारांनी शंभर वर्षांहून अधिक काळ मुख्य महापौरपद राखलेल्या सोशल डेमोक्रॅट पक्षास त्या पदावरून खाली उतरविले. आपण रागावलो तर कोणास उतरविणार?

डेन्मार्क श्रीमंत आहे म्हणून त्याला हे परवडते, हा आक्षेप येणारच. पण मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचा होता. ही संस्था दरिद्री नाही. ती परावलंबी मात्र होत चालली आहे. तिचे मोठे स्वतःचे उत्पन्न जे जकात, ते १ जुलै २०१७ पासून गेले आणि त्याऐवजी राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर ती विसंबून राहिली. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर २०२२ मध्ये माफ झाला. ही माफी कोणास नको होती? आम्हांस ती लोकप्रिय व घातक वाटते. जो नागरिक महापालिकेस काहीच देत नाही त्याने तिच्याकडे काही मागू नये, असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याचा आवाज हिशेब मागणाऱ्याचा न राहता अर्ज करणाऱ्याचा होतो. थोडा कर घ्यावा, आणि तो कोणत्या गटारावर खर्च झाला हे सांगावे.

डेन्मार्क म्हणजे स्वर्ग नव्हे. माणसांहून डुकरे अधिक असलेल्या त्या देशातील शेतांचे खत समुद्रात उतरून तेथील खाड्यांचा प्राण घेत आहे. ग्रीनलंडच्या स्त्रियांवर १९६० नंतरच्या काळात त्यांच्या संमतीवाचून संततिप्रतिबंध लादण्यात आला. त्याबद्दल पंतप्रधानांनी माफी मागितली ती २०२५ मध्ये. आणि त्यांच्या चाळीस टक्क्यांहून अधिक करभाराची येथे नुसती भाषा केली तरी आमच्या कार्यालयावर पत्रांचा पाऊस पडेल. आम्हांस त्यांच्याकडून हवे आहे ते फार थोडे.

निवडणुकीच्या तारखेचा कायदा करावा. प्रभागांच्या सीमा व आरक्षणे मुदतीच्या वर्षभर आधी गोठवावीत, आणि वाद राहिलाच तर जुन्या सीमांवर निवडणूक व्हावी. प्रभाग समित्या घटनेत आहेत. त्यांना चहापानापलीकडचे काम द्यावे, आपापल्या विभागातील नाल्यांचा पैसा त्यांच्या हाती द्यावा. मुंबईत सुमारे पंचावन्न हजार माणसांमागे एक नगरसेवक, कोपनहेगनात बारा हजारांमागे एक. हे अंतर एकाएकी भरून निघणार नाही, म्हणून तर विभागाच्या पातळीवर सत्ता उतरली पाहिजे. आणि नव्या सभागृहात सांताक्रूझ, कलिना व वाकोल्यातून जे निवडून गेले आहेत, त्यांनी येत्या जूनपूर्वी आपापल्या प्रभागाचा एक नकाशा छापून चौकाचौकांत लावावा: कोणता नाला कोणाच्या ताब्यात, त्याचा गाळ कोणी व केव्हा काढला, आणि तासाला पन्नास मिलिमीटर पाऊस झाला तर मिलन सबवेत किती सेंटिमीटर पाणी साचू देण्यास ते तयार आहेत. तो आकडा दहा असो की पन्नास असो. त्याखाली त्यांची सही असावी.